बाकड्यावरचा तालुका

इंदापूरच्या तहसील कचेरीत कामासाठी आलेली निम्मी माणसं सकाळी अकराच्या सुमाराला कचेरीत नसतात. ती आसपासच्या हॉटेलांच्या बाकड्यांवर असतात. कुणाचा फेरफार अडलेला, कुणाला मोजणीची तारीख हवी, कुणाचा बांधावरून वाद. साहेब मीटिंगला गेलेत, एवढंच आतून कळलेलं. मग कागदांची पिशवी मांडीवर, तिच्यावर एक हात, आणि समोर चहाचा ग्लास. चहा पाच मिनिटांत संपतो. माणूस तासभर बसतो, आणि त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. गल्ल्यावरचा मालक त्याला नावाने ओळखतो असंही नाही. तो कशासाठी बसलाय हे मालकाला ठाऊक असतं, तेवढं पुरतं.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या चहाच्या हॉटेलांवर लिहितोय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिकडचं फेमस काय? पुण्यात या प्रश्नाला उत्तर आहे. तिथे माणसं बनमस्क्यासाठी इराण्याकडे जातात, डोशासाठी फर्ग्युसन रस्त्यावर रांग लावतात. या दोन तालुक्यांत पदार्थांची यादी लहान आहे. पोहे, उप्पीट, वडा, भजी, मिसळ, चहाबरोबर खारी-बटर-क्रीमरोल, बाजाराच्या दिवशी भेळ आणि जिलबी. काही ठिकाणी हे सगळं फार चांगलं मिळतं. पण इथली माणसं हॉटेलात येतात ती कशाची तरी वाट पाहत: एसटीची, वजनकाट्याची, कालव्याच्या पाळीची, डॉक्टरची, निकालाची. इथल्या हॉटेलवाल्याने पिढ्यान्पिढ्या जी वस्तू पुरवली ती बसायची जागा. चहा हे तिचं भाडं. ही जागा आता आक्रसत चालली आहे आणि तिची नोंद कुठे होत नाही, म्हणून हा लेख.

या मुलखात हॉटेलं कुठे निघावीत हे पाण्याने ठरवलं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या पट्ट्याने फार वाईट सोसला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८८५ च्या सुमारास, नीरा डावा कालवा वाहू लागला आणि भाटघरचं पाणी पुरंदरातून बारामती-इंदापूरकडे आलं. कालव्याखाली ऊस आला, उसामागे गुऱ्हाळं, गुऱ्हाळांमागे बारामतीची गुळाची पेठ. १९१४ साली दौंड-बारामती ही छोट्या रुळांची रेल्वे सुरू झाली. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसवलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर हे सहकारी कारखाने उभे राहिले. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या घरात पैसा वर्षातून एकदा यायचा, तोही पावसाच्या मर्जीवर. उसाने आणि पुढे दुधाने हातात खेळता पैसा आणला. खिशात सुटे पैसे असल्याशिवाय कोणी रोज हॉटेलची पायरी चढत नाही.

हा फरक आजही रस्त्यावर दिसतो. बारामती सोडून इंदापूरच्या दिशेने निघालं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, वालचंदनगरला वळण्याचा जंक्शनचा फाटा, निमगाव केतकी असं करत गाव येतं आणि प्रत्येक फाट्यावर दोन-तीन तरी हॉटेलं असतात. ऊस, केळी, डाळिंब, निमगावचे पानमळे. दोन्ही बाजूंना ओल दिसते. तेच उलट्या दिशेने सुप्याकडे, उंडवडीकडे निघा. हा बारामतीचा जिरायती भाग. इथे हॉटेल गावाच्या स्टँडला एखादं, आणि तिथली गर्दी एसटीच्या वेळेची. मोरगावचा अपवाद, कारण मयूरेश्वराला येणारी भाविकांची गर्दी पावसावर अवलंबून नाही. एकाच तालुक्यात कालव्याच्या वर आणि खाली अशी दोन आयुष्यं आहेत, हे राजकारणातल्या भाषणांत नेहमी ऐकू येतं. हॉटेलं मोजत गेलं तरी ते कळतं.

चहा मात्र कालव्याच्या मागाहून आला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं, गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. कालवा सुरू होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला; स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत फुकट कप वाटले गेले. १९३१ च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. पानं चिरडून, फाडून, वळून त्याची जी दाणेदार पूड होते तिचा चहा कमी पुडीत जास्त रंग सोडतो. गावाकडच्या हॉटेलचं गणित त्या पुडीने जमलं. आज आपण ज्याला कडक चहा म्हणतो तो त्या यंत्रानंतरचा.

बागायतातला चहा कसा होतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पातेल्यात पाणी आणि साखर एकदमच पडते. आलं खलबत्त्यात ठेचलेलं, किसलेलं नाही. ठेचल्याने रस सुटतो आणि चोथा मोठा राहतो, गाळताना फडक्यात अडकतो. पाणी खळखळलं की पूड. ती मापाने नाही, मुठीने. पूड वर येऊन फुटते, रंग काळपट लाल होतो, मग शेजारच्या शेगडीवर मंद ठेवलेलं दूध ओगराळ्याने आत. यानंतर चहा उतू जायला येतो तसा ओगराळ्याने वर उचलून पुन्हा आत सोडायचा, चार-सहा वेळा. कडेला साय धरत नाही आणि रंग एकसारखा येतो. शेवटी फडक्यातून किटलीत. पिळताना हाताला चटका बसतो, म्हणून जुना माणूस फडक्याचं टोक पळीला गुंडाळून पिळतो. गिऱ्हाइकाची मागणी दोन-तीन शब्दांत येते: साधा, स्पेशल, कडक, बिनसाखरेचा. तीन माणसं असली की "दोनात तीन कर". हे ऐकून मालकाच्या कपाळाला आठी पडत नाही. दोनाचे पैसे येतात, पण तीन माणसं बसतात, आणि त्यातला एक भजी मागवतोच.

दुधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. दोन्ही तालुक्यांत दूध मुबलक. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रांवर रांगा लागतात, बारामतीत आणि इंदापुरात मोठ्या डेअऱ्या आहेत. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापावर ठरतो आणि हे आकडे इथलं शाळेतलं पोरही सांगतं. संकरित गाईचं हे दूध चहाला पातळ पडतं. म्हणून चांगला हॉटेलवाला आजही घरची एखादी म्हैस ठेवतो किंवा ओळखीच्या गोठ्यातून म्हशीचं दूध बांधून घेतो. केंद्रावर दूध घालून येणारा शेतकरी शेजारच्या हॉटेलात टेकतो, पावतीवरची फॅट पाहतो, काल किती लागली होती ते आठवतो. भाव पडला की ही चर्चा लांबते. भांडवलाचं, पेंडेच्या पोत्याचं, व्यालेल्या कालवडीचं सगळं बोलणं इथे होतं. दुधाच्या धंद्यातल्या नफ्या-तोट्याचा हिशोब ज्याला करायचा असेल त्याने कार्यालयात बसण्याऐवजी आठवडाभर संकलन केंद्राशेजारच्या बाकड्यावर बसावं, असं मला खरोखर वाटतं.

साखरेचं गणित आणखी जवळचं. एक टन उसातून साधारण ११० किलो साखर निघते. एका ग्लासात दहा ग्रॅम धरली तर एका टनात ११,००० ग्लास चहा होतो. कारखाने सभासदांना दिवाळीत सवलतीची साखर देतात. फराळाच्या ताटात जी शंकरपाळी असते तिच्यातली साखर या भागातल्या बऱ्याच घरांत स्वतःच्या शिवारातून निघून, कारखान्यातून फिरून आलेली असते. हल्ली गुळाच्या चहाच्या पाट्याही जागोजाग दिसतात. गुळाच्या पेठेत हे आधीच व्हायला हवं होतं, पण गूळ घालून दूध उकळलं की ते फाटतं. ज्याला हात बसलाय तो आच बंद करून, शेवटी गूळ विरघळवतो. ज्याला बसलेला नाही त्याच्या पातेल्यात कण दिसतात.

हंगामात कारखान्यांच्या परिसरातली हॉटेलं रात्रभर चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गव्हाण पुजली जाते, मोळी पडते आणि तिथून चार-पाच महिने गाडीतळाला झोप नसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या ओळीने उभ्या. नंबर कधी लागेल सांगता येत नाही. रात्री दोनला ड्रायव्हर कानटोपी घालून शेगडीजवळ येतात. त्यांना पोट भरेल असं काही हवं असतं, म्हणून या वेळी वडापाव आणि चहात बुडवून खायचं बटर खपतं. मिसळीला कुणी हात लावत नाही, कारण ती खायला निवांत बसावं लागतं आणि मान तर रांगेकडे वळलेली. रांग हलली की ग्लास अर्धा टाकून पळायचं. मालक पैसे मागत नाही. माणूस उद्या रात्री इथेच येणार आहे.

ऊसतोडीला आलेल्या बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या याच आवारांच्या आसपास कोप्या घालून राहतात. त्यातला गडी कधी हॉटेलात दिसतो. बाई दिसत नाही. पहाटे उठून भाकरी थापायची, फडात जायचं, मोळ्या उचलायच्या, गाडी भरायची. कोयत्याचा हिशोब नवरा-बायकोच्या जोडीवर चालतो, कष्ट दोघांचे समान. पण बाकड्यावरचा दहा मिनिटांचा चहा एकाच्या वाट्याला येतो.

इथे थांबून बाकड्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी त्याच्याबद्दल प्रेमाने लिहितो आहे, पण ते कधीच सगळ्यांचं नव्हतं. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबशा ठेवलेल्या असायच्या, त्या ज्याच्या त्याने विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या, आणि बसायचं ते बाहेर, खाली. हे साऱ्या महाराष्ट्रात होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, त्यामागे हेच दुखणं होतं. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला. कपबशा लगेच एक झाल्या नाहीत. म्हातारी माणसं आजही कुठल्या हॉटेलात आत बसायला मिळायचं आणि कुठे नाही ते नेमकं सांगतात. काचेचा ग्लास आणि पुढे कागदी कप आल्यावर हा प्रश्न काही ठिकाणी आपसूक झाकला गेला. सुटला असं म्हणायला मी धजत नाही.

आणि बायका. जुन्या हॉटेलात लाकडी फळीच्या आडोशाला, पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असायची. बाजाराला आलेलं जोडपं तिथे बसून वडा खायचं. एकटी बाई हॉटेलात चहा प्यायला बसली, हे दृश्य तालुक्याच्या गावी अगदी अलीकडचं आहे. त्याला कारणं दोन. पहिलं, शिक्षण. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून, शारदानगरला मुलींच्या शिक्षणाची मोठी संस्था आहे. शिवाय आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. खेड्यातून एसटीच्या पासावर येणाऱ्या मुलींना दोन तासिकांच्या मधला वेळ काढायला जागा लागते. दुसरं कारण एसटीचं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला आणि स्टँडवर एकट्या-दुकट्या, दोघी-तिघींनी निघालेल्या बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. माहेरी जाणाऱ्या, दवाखान्याला आलेल्या, बचतगटाच्या कामाला बँकेत आलेल्या. त्या आता चहा सांगतात, पर्समधून पैसे काढून देतात, आणि जमलं तर बसतात.

बारामतीत एमआयडीसीजवळच्या पेन्सिल चौकात आणि कॉलेजांच्या रस्त्यांवर संध्याकाळी फिरलं की नव्या कॅफेंची ओळ दिसते. भिंतीवर इंग्रजी वाक्यं, पिवळे दिवे, कोल्ड कॉफी, मॅगी, सँडविच, फ्रेंच फ्राइज, हल्ली मोमो. चव सगळीकडे साधारण सारखी. जुनी माणसं या कॅफेंवर नाराज असतात. राज्यात अनेक तालुक्यांच्या गावी कॅफेंमधल्या बंद कप्प्यांवर पोलिसांनी कारवाया केल्या, त्याची बोलणी इथेही चालतात. आडोशाचे कप्पे काढायला लावले ते योग्यच झालं. पण सरसकट कॅफेला नावं ठेवणाऱ्यांनी एक पाहावं: मोठ्या मोकळ्या कॅफेत चार मुली एका टेबलाभोवती बसून, एक कोल्ड कॉफी आणि एक फ्राइजची प्लेट चौघींत घेऊन, दीड तास परीक्षेची तयारी करतात आणि कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. त्यांच्या आईला ही जागा मिळाली नव्हती. बाकड्याने जे पुरुषांना दिलं ते या खुर्चीने मुलींना दिलं, म्हणून मी कॅफेच्या बाजूने आहे. महाग आहे, हे खरं. चहाला दहा रुपये लागतात तिथे कॉफीला साठ-सत्तर. गावाकडून डबा घेऊन येणाऱ्या मुलीला ते रोज परवडत नाहीत. स्वस्त चहा, स्वच्छ संडास आणि बसायला निर्धोक जागा हे तिन्ही एका ठिकाणी देणारं दुकान ज्याला काढायचं आहे त्याला बारामती-इंदापुरात गिऱ्हाइकाची ददात पडणार नाही.

अभ्यासिकांची पोरं वेगळी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे हे तरुण रात्री अकराला डोकं सुन्न झालं की बाहेर पडतात आणि टपरीवर उभे राहतात. बोलणं जागांच्या जाहिरातीचं, पुढे ढकललेल्या पूर्वपरीक्षेचं, कट ऑफचं. त्यांच्या वाट पाहण्याला तारीख नसते. ऊसवाल्याचा नंबर उशिरा का होईना, लागतो.

जागा आक्रसण्याचं कारण कॅफे नाहीत. एक कारण अमृततुल्यची नवी पद्धत. पुण्यात अमृततुल्य शतकभरापासून आहे; राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पितळी पातेल्यातला, वेलदोड्याचा चहा पेठांत रुजवला आणि तिथे टेकायला बाक असे. गेल्या काही वर्षांत त्या नावाने ज्या साखळ्या निघाल्या त्यांचं दुकान दहा बाय दहाचं, दर्शनी भागात चकचकीत काउंटर, सगळीकडे एकच चव आणि उभ्याने पिण्याची सोय. चहा चांगला असतो, कप स्वच्छ असतो, बाई-माणूस संकोच न करता उभं राहून घेऊ शकतं. हे सगळं मान्य. पण त्या दुकानाचं भाडं कप भराभर खपण्यावर निघतं. तिथे कुणी तासभर थांबलं तर धंदा बसतो. सातबाऱ्यासाठी आलेला साठीचा माणूस गुडघे धरून उभ्याने चहा पितो आणि मग झाडाखाली जाऊन खाली टेकतो. इंदापूरला, बारामतीला हे रोज दिसतं.

दुसरं कारण रस्ता. पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, इंदापूरला बाह्यवळण झालं, आणि गावातून जाणाऱ्या लांबच्या गाड्या बाहेरून निघून गेल्या. गावातली हॉटेलं गावच्या गिऱ्हाइकावर आली. बाहेर महामार्गावर मोठाली वातानुकूलित उपाहारगृहं उभी राहिली. मग पालखी मार्ग. ८ नोव्हेंबर २०२१ ला संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. पाटस, बारामती, इंदापूर, तोंडले-बोंडले असा हा रस्ता. तो हवा होता. आषाढात लाखो वारकरी ज्या अरुंद रस्त्याने चालत, त्याच रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या आणि टँकर धावत, अपघात होत. रस्ता रुंद झाला, आणि फाट्याफाट्यावरची कडेची जुनी झाडं आणि त्यांच्या सावलीतली हॉटेलं गेली. ज्यांची जागा मालकीची होती त्यांना मोबदल्याचा हक्क होता. पण बहुतेक टपऱ्या रस्त्याच्याच हद्दीत, कुणाच्या ना कुणाच्या सहनशीलतेवर उभ्या. त्यांच्या नावावर काही नव्हतं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, नोंदणी, समिती, पर्यायी जागा अशी तरतूद झाली; पण तो शहरांसाठी आहे. बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदेच्या हद्दीतल्या हातगाडीला त्याचा आधार आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या फाट्यावर तीस वर्षं भजी तळणाऱ्याला नाही. ही त्रुटी दुरुस्त व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी बोलायला या दोन तालुक्यांइतकी वजनदार माणसं राज्यात क्वचितच कुठे असतील.

पालखीच्या दिवसांत या रस्त्यावर चहाची वेगळीच व्यवस्था उभी राहते. काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. त्या दिवशी हॉटेलवाले सुद्धा पैसे घेत नाहीत, निदान सकाळच्या पहिल्या पातेल्याचे तरी. गावाने दूध गोळा केलेलं असतं, तरुण मंडळाने बिस्किटांचे खोके आणलेले असतात, आणि एरवी ज्या बायका हॉटेलात पाऊल टाकत नाहीत त्या रस्त्यावर ओळीने उभ्या राहून वारकऱ्यांना चहा देतात. वारीतला चहा फार गोड आणि पातळ असतो. चालणाऱ्याला तसाच लागतो.

बाजाराच्या दिवसाची भेळ मात्र अजून जशीच्या तशी आहे आणि ती या भागाची खरी खासियत म्हणता येईल. शहरातल्या चिंचगुळाच्या ओल्या भेळेशी तिचं नातं लांबचं. चुरमुरे, पापडी, जाड शेव, फरसाण, वर चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, कडेला मिठात घोळलेली तळलेली हिरवी मिरची. भेळवाला मोठ्या परातीत हाताने घोळतो, लिंबू पिळावं की नाही ते विचारतो आणि कागदावर ढीग घालतो. मिरची दातांखाली धरायची, मग भेळेचा घास. डोळ्यांत पाणी आलं की शेजारच्या हॉटेलातला चहा. ज्याचं माल विकून झालंय तो खाली मांडी घालून सावकाश खातो. त्याच्या चेहऱ्यावरून भाव काय लागला ते ओळखता येतं. निघताना दुसरा पुडा बांधून घ्यायचा, सोबत गोडी शेव, रेवडी, जिलबी. घरी पोरं पिशवीचीच वाट पाहत असतात. पंचवीस-तीस रुपयांत एक माणूस पोटभर खातो, अशी आता दुसरी कुठली गोष्ट बाजारात उरलीय मला माहीत नाही.

राजकारणाशिवाय बारामतीच्या हॉटेलचं वर्णन पुरं होत नाही. बऱ्याच भिंतींवर 'राजकीय चर्चा करू नये' ही पाटी असते आणि तिच्याखालीच चर्चा चालते. २०२४ साल त्याला अपवाद ठरलं. लोकसभेला सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, सहा महिन्यांनी विधानसभेला अजित पवार आणि युगेंद्र पवार. दोन्ही वेळा एकाच घरातली माणसं समोरासमोर. ज्या बाकड्यांवर एरवी दिल्लीपर्यंतचे निकाल लागतात तिथे माणसं पाऊस, डाळिंबावरचा तेल्या रोग आणि क्रिकेट बोलत बसली. कुणाचा मुलगा कारखान्यात, कुणाची सून संस्थेत, कुणाचं कर्ज बँकेत. दोन्ही घरं आपलीच, असं म्हणून विषय संपवायचे. हॉटेलात कोण कुणाशेजारी बसतं याकडे त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष होतं.

शेवटी भिगवण. इंदापूर तालुक्याचं हे टोक उजनीच्या पाण्याला लागून आहे. धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं शिवारासकट पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर दिसतं. ऊस पिकवणारी, मळे राखणारी माणसं विस्थापित झाली आणि त्याच पाण्यावर मासेमारीचा नवा धंदा उभा राहिला. आज भिगवणला बाजार समितीच्या आवारात मासळीचा लिलाव होतो. पहाटेपासून जाळी उतरवून माणसं येतात: चिलापी, रोहू, कटला, कधी मरळ, कधी वाम. हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी येते. त्यांना होडीतून नेणारे बरेचसे नावाडी मूळचे मच्छीमारच. त्यांच्या घरच्या पडवीतच पाहुण्यांचा चहा-नाश्ता होतो, दुपारी चिलापी तळली जाते. कॅमेरेवाल्या पाहुण्याला पोहे आणि होडीवाल्याला शिळी भाकरी-चहा, एकाच चुलीवरून.

लिलावाच्या आवारालगतच्या हॉटेलात सकाळी आठला पाय ठेवायला जागा नसते. ओल्या चपला, बर्फाचं पाणी, माशांचा वास आणि आल्याचा वास एकत्र. व्यापारी, आडते, मच्छीमार एकाच बाकड्यावर खेटून बसतात आणि भाव मोडून झाला की तिथेच पट्टी लिहिली जाते: मापं किती, दर काय, बर्फाचे किती कापले, उचल किती वळती केली. मच्छीमार पट्टी उलटसुलट करून वाचतो, एखाद्या आकड्यावर बोट ठेवतो. मग वाद. शेजारचे दोघे-तिघे त्यात पडतात, कालचा दर सांगतात, सोमवारचा सांगतात. आडत्या कान खाजवतो, आकडा खोडतो, नवा लिहितो. चहाचे पैसे त्याच्याकडून वसूल होतात, हा इथला रिवाज. मालक तोवर पुढच्या पातेल्यात साखर टाकत असतो आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून उठा म्हणत असतो. पट्टीवर सही झाल्याशिवाय कोणी उठत नाही.